सावलीतलं ऊन

वहिदा सार्डिन माशांच्या कारखान्यातून संध्याकाळी घरी आली, की आधी हात धुवायची आणि मग मुलीला जवळ घ्यायची. त्या दिवशी तिनं हात धुतलेच नाहीत. देवडीत उभ्या उभ्याच तिनं फोन उघडला, त्यावरचा आकडा पाहिला आणि बापाकडे वळली.

"बाबा, आज कुठे नेलं होतंत हिला?"

"कुठे नेणार? इथेच होती. देवडीत."

"कालही देवडीत, परवाही देवडीत. आणि आकडा रोज चढतोय."

तिच्या बापाच्या, तिजानीच्या मांडीवर कुणाचं तरी फाटकं जाळं होतं. होडी विकली तरी हाताची सवय गेली नव्हती, म्हणून तो लोकांची जाळी सांधून द्यायचा. त्यानं सुई जाळ्यात खोवली.

"यंत्र आहे, पोरी. बिघडलं असेल."

"यंत्राला नातीची माया नाही, बाबा. ते खोटं कशाला सांगेल?"

हे वाक्य तिजानीला जिथे लागायचं तिथे लागलं.

वहिदाची मुलगी सुंदुस कोपऱ्यात बसून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्या फ्रॉकवर, छातीशी, बटणाएवढा बिल्ला टोचलेला होता. या वसंतातच ट्युनिसच्या इस्पितळातून तो मिळाला होता. अंगावर पडणारं ऊन तो मोजायचा. ऊन नसलं की त्यातला दिवा हिरवा, जरा लागलं की पिवळा, फार झालं की लाल, आणि मग माशीसारखा गुणगुणायचा. दिवसभराची बेरीज वहिदाच्या फोनवर जायची.

सुंदुसच्या कातडीला ऊन चालत नव्हतं. चालत नव्हतं म्हणजे नुसती काळवंडायची किंवा भाजायची असं नाही. आपल्या कातडीला उन्हानं इजा झाली तर ती आतल्या आत भरून निघते. सुंदुसची भरून निघत नव्हती. ती साठत जायची, आणि साठता साठता कधीतरी तिथे गाठ धरायची. तिचा थोरला भाऊ अमीन याच आजारानं गेला. तेव्हा आजाराचं नावही घरात कुणाला माहीत नव्हतं. डोळे चुरचुरतात म्हणून पोर रडायचं, आणि तिजानीच त्याला म्हणायचा, चल, समुद्राची हवा खा, बरं वाटेल. भर दुपारी होडीत घालून न्यायचा.

म्हणून सुंदुस चार महिन्यांची असताना उन्हात तिचा चेहरा लालबुंद झाला, तेव्हा वहिदा त्याच रात्री बसनं ट्युनिसला गेली. तेव्हापासून घराच्या खिडक्यांना पिवळसर पातळ कागद लागला. पोरीला मलम, हातमोजे आणि बाहेर पडताना डोक्यावरून गळ्यापर्यंत येणारा काच लावलेला टोप. शाळेतही टोप. बिनटोपाचं जगणं फक्त सूर्य बुडाल्यावर, आणि दिवसा फक्त आतल्या खोल्यांत आणि देवडीत.

देवडीचं दार दोन फळ्यांचं होतं. खालची फळी कायम बंद, वरची उघडी. दार उत्तरेला, वर पत्र्याचं खोल छप्पर, त्यामुळे वर्षाच्या कुठल्याही दिवशी तिथे उन्हाची तिरीप शिरत नसे. मागच्या उन्हाळ्यात इस्पितळातल्या बाई हातातलं यंत्र घेऊन आल्या होत्या. त्यांनी घरभर मोजलं आणि देवडीच्या फरशीवर कोळशानं एक रेघ ओढून दिली. या रेघेच्या आत हिला टोपाशिवाय बसू दे, म्हणाल्या. त्या दिवशी वहिदा रडली होती, आणि बाई नको नको म्हणत असताना तिजानीनं त्यांना सुकवलेल्या ऑक्टोपसची जुडी बांधून दिली होती.

त्या अर्ध्या दारातून सुंदुसला गल्ली दिसायची. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या टोपलीत काय आहे, सगळं तिला ठाऊक. येणारा-जाणारा तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे सरकत नसे. बोलला नाही तर तीच हाक मारायची.

"रियाध शुक्रवारी समोरच्या लग्नाला येतोय," वहिदा म्हणाली. रियाध तिचा नवरा, स्फॅक्सच्या बंदरात कामाला होता. "गाडी घेऊन येतोय. आकडा उतरला नाही, तर मी पोरीला घेऊन त्याच्याबरोबर जाते. तिसऱ्या मजल्यावरची खोली आहे, दोनच खिडक्या. बंद करून टाकल्या की झालं."

"आणि तिथे ती काय बघेल?"

"जिवंत राहील, बाबा."

मग तिनं सुंदुसची हनुवटी वर केली. पोरीच्या उजव्या डोळ्याखाली तिळाएवढा एक ठिपका होता. मागच्या महिन्यात तो नव्हता. वहिदानं त्यावर बोट ठेवलं आणि बापाकडे पाहिलं. इस्पितळाची तारीख पुढच्या सोमवारची होती.

तिजानीला त्या रात्री झोप लागली नाही. त्याला स्वतःचाच संशय येऊ लागला. आपला डोळा लागतो दुपारी, तेव्हा पोर आतल्या चौकात जात असेल का? सकाळी उठून त्यानं चौकाच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. देवडीतला बल्ब काढला. भिंतीवरचा जुना आरसा उतरवून खाटेखाली सारला. डोळा लागू नये म्हणून जेवणच टाळलं आणि कडू कॉफीवर दिवस काढला.

"आजोबा, तुम्ही माझ्यावर पहारा करताय का?" सुंदुसनं विचारलं.

"नाही गं. जाळं सांधतोय."

"जाळं उलटं धरलंय तुम्ही."

बाहेर गल्लीत लग्नघाई उसळली होती. समोरचं घर तिजानीच्या धाकट्या बहिणीचं, झुबेदाचं. वहिदा तिला आत्या म्हणायची, म्हणून सुंदुसही. तिच्या मुलाचं, लस्सादचं शुक्रवारी लग्न. बायका गल्लीत चटया टाकून रवा चाळत होत्या, खजूर कुटत होत्या, एकमेकींच्या सासवांची नक्कल करत होत्या. सुंदुस रेघेला अगदी गुडघे टेकून, दाराकडे तोंड करून, सकाळपासून तिथेच बसली होती. रेघ मात्र तिनं ओलांडली नाही. तिजानी डोळ्यांत तेल घालून बघत होता.

आणि तरी दुपारी दिवा पिवळा झाला.

तिजानीच्या डोळ्यांदेखत, छपराखाली, रेघेच्या आत. कलिंगडाची फोड घेऊन तो तिच्यासमोर वाकला, आणि दिवा हिरवा झाला. तो बाजूला सरला. पिवळा. पुन्हा तिच्यासमोर, दाराकडे पाठ करून उभा राहिला. हिरवा.

"काय करताय?" सुंदुस म्हणाली. "मला आत्या दिसत नाही."

तिजानी हळूच मागे वळला. समोर झुबेदाची भिंत होती. ऊन तिच्यावर थेट पडलं होतं, आणि ती इतकी पांढरी होती की त्याला डोळे मिटावे लागले.

त्यानं बिल्ला काढून हातात घेतला आणि भिंतीकडे तोंड करून धरला. पिवळा. कोपऱ्याकडे वळवला. हिरवा. पुन्हा भिंतीकडे. पिवळा. तो खाली फरशीवर बसला.

ती भिंत त्यानंच रंगवली होती. चार वर्षांपूर्वी झुबेदाचा नवरा मुख्तार समुद्रातून परत आला नाही, तेव्हापासून तिच्या घराला चुना लागला नव्हता. त्या गावात ज्या घरातलं माणूस जातं, त्या घराची भिंत तशीच सोडतात. पापुद्रे निघतात, खारट वाऱ्यानं ती करडी-मातकट होते, पण घरात शुभकार्य निघेपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. शुभकार्य निघालं की चुन्याचा पहिला हात बाईच्या भावानं द्यायचा. तिजानीनं नुसता पहिला हात दिला नव्हता. भट्टीवरून चुनकळी आणून, पिंपात विरवून, मूठभर मीठ घालून त्यानं पंधरा दिवसांपूर्वी एकट्यानं तीन हात दिले होते. बहिणीच्या दाराचा सुतक-रंग गेला म्हणून त्या दिवशी त्याला हलकं वाटलं होतं. इस्पितळातल्या बाईंनी रेघ ओढली तेव्हा भिंत मातकट होती. त्यानंतर कुणी मोजलं नव्हतं. ऊन आत येत नाही एवढंच सगळे बघत होते, आणि ऊन समोरून उडी मारून येत होतं.

त्यानं उठून वरची फळी लावून घेतली. देवडीत अंधार झाला.

"आजोबा, मी रेघ ओलांडली नाही," सुंदुस अंधारात म्हणाली. "शप्पथ."

"माहीत आहे, बाळा. माहीत आहे मला."

संध्याकाळी त्यानं वहिदाला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. तिचा चेहरा सैल झाला नाही.

"म्हणजे आता हे दारही बंद."

"तेवढं दोन दिवस. मी झुबेदाशी बोलतो."

"आत्या भिंत काळी करेल? लग्नाच्या तोंडावर? बाबा, दार बंदच ठेवायचं असेल तर मग स्फॅक्स काय वाईट?"

तिजानी उठून समोरच्या घरी गेला.

झुबेदा चुलीपुढे होती. भोवती बायकांचा गराडा. तिजानीनं तिला बाजूला बोलावलं आणि अडखळत अडखळत सांगितलं. तिनं कढईतला झारा तसाच हातात धरून ऐकलं.

"दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"चिखलाचा एक हात दे म्हणतोय. नुसता दारासमोरच्या भागाला."

"परवा नवरी येतेय माझ्या घरी. तिच्या माणसांनी काय बघायचं? विधवेचं घर, चिखल फासलेलं? चार वर्षं मी ती भिंत बघत उठलेय, दादा. तूच पांढरी केलीस. आता तूच सांगतोस मळव?"

"पोरीसाठी सांगतोय."

"पोर मला परकी आहे का? दार लाव तीन दिवस. लग्न होऊ दे. मग बघू."

"तीन दिवसांनी ती इथे नसेल."

झुबेदानं झारा कढईत आपटला. "सगळ्या गावाची लग्नं झाली, माझ्याच पोराच्या लग्नात बरं आठवतं सगळ्यांना सगळं," असं बडबडत ती पुन्हा चुलीकडे गेली. तिजानी परतला.

गुरुवार उजाडला, तरी देवडीची वरची फळी लागलेलीच होती. आत उकाडा मरणाचा. सुंदुस फरशीवर पालथी पडून गल्लीतल्या आवाजांवरून माणसं ओळखत होती. "ही सालिहाची चप्पल. हा अंडीवाला. हा लस्साद, शिट्टी वाजवतोय, पण आज बेसूर वाजवतोय." तिजानीचं काळीज तुटत होतं, पण तो फळीला हात लावत नव्हता. दर थोड्या वेळानं तो बिल्ला बघायचा. हिरवाच होता. त्या हिरव्याचाही त्याला राग आला.

दुपार कलायच्या आत फळीवर थाप पडली.

"सुंदुस, मेलीस का गं? सकाळपासून एक हाक नाही तुझी. रव्यात पाणी जास्त झालं माझ्या."

"आत्या, दार बंद आहे. तुमची भिंत मला चावते."

बाहेर चपला दूर गेल्या, आणि थोड्या वेळानं परत आल्या. मग झुबेदाचा आवाज आला. "दादा, बाहेर ये. ते बटण घेऊन ये."

तिजानी बाहेर आला. झुबेदाच्या पायाशी बादली होती आणि बादलीत लाल माती कालवलेली, जैतुनाच्या मळ्यातली, गेरूसारखी. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"काळं मी लावणार नाही," ती म्हणाली. "चिखलही नाही. लाल लावीन. मेंदीचा रंग आहे. नवरीच्या माणसांनी विचारलं तर सांगेन, आमच्याकडे असंच असतं."

"असतं का?"

"आजपासून असतं. तू कुंचला धर, बघत काय राहिलास?"

त्यांनी दाराच्या रुंदीएवढा पट्टा लाल केला. तिजानी देवडीत गेला, रेघेवर उकिडवा बसला आणि बिल्ला धरला.

"काय म्हणतोय?" झुबेदानं बाहेरून विचारलं.

"पिवळा."

आणखी दोन हात रुंद.

"आता?"

"पिवळाच."

"तुझं ते बटण हुंडा मागतंय का, दादा?"

रवा चाळणाऱ्या बायका हसल्या. मग एकीनं पदर खोचला, दुसरीनं फडकं घेतलं. लस्साद न्हाव्याकडून अर्धी दाढी करून आला होता, तोही तसाच चढला शिडीवर. डावीकडून लाल, उजवीकडून लाल, वर गच्चीच्या कठड्यापर्यंत लाल. तिजानी आत-बाहेर करत होता. पिवळा. पिवळा. मग दिवा मिणमिणला, जणू त्याचंही ठरत नव्हतं, आणि हिरवा झाला. तिजानी हलला नाही. हललो तर पुन्हा पिवळा होईल अशी त्याला भीती वाटली. मांड्या भरून आल्या तरी तो तसाच बसून राहिला.

"अरे, बोल की काहीतरी," झुबेदा ओरडली.

"हिरवा," तो म्हणाला.

सुंदुस येऊन रेघेवर बसली. झुबेदाच्या सगळ्या भिंतीवर पांढरं म्हणायला आता फक्त दाराची चौकट उरली होती.

वहिदा घरी आली तेव्हा तिला गल्लीचं तोंडच ओळखू येईना. तिनं आत्याचे लाल हात पाहिले, बापाचे पाहिले. आत येऊन तिनं बिल्ला मुलीच्या अंगावरून काढला, स्वतःच्या छातीला टोचला आणि मावळतीपर्यंत रेघेवर बसून राहिली. दिवा एकदाही हलला नाही. तिजानी आशेनं तिच्या तोंडाकडे बघत होता.

"भिंत सापडली," ती हळूच म्हणाली. "उद्या आणखी काय असेल, बाबा? कुणीतरी नवा पत्रा घालेल. कुणी काचा बसवेल. मी कारखान्यात असताना कोण कोण काय काय रंगवेल, त्याच्यामागे आपण किती धावणार? मी थकलेय."

"मग?"

"रियाध येऊ दे."

शुक्रवारी सूर्य बुडाल्यावर नवरीची वरात आली. ढोल, सनई, बायकांची जिभेनं काढलेली लांबलचक किलकारी. सुंदुसनं टोप काढून खुंटीला लावला होता, केसांत मोगरा माळला होता आणि ती रेघेच्या पलीकडे, उंबऱ्यावर उभी होती. सूर्य बुडाल्यावर रेघ नसे. रियाध एका बाजूला, वहिदा दुसऱ्या बाजूला. सामानाची पिशवी आत बांधून ठेवलेली होती. तिजानीला ती दिसत होती, म्हणून तो तिकडे बघत नव्हता.

नवरीकडच्या एका म्हातारीनं लाल भिंतीकडे बघून नाक मुरडलं. झुबेदानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

तेवढ्यात चित्रण करणारा माणूस गल्लीत शिरला. खांद्यावर कॅमेरा, आणि त्याच्या पोऱ्याच्या हातात काठीवर बांधलेला मोठा दिवा, जुन्या पद्धतीचा, तापणारा, उन्हातला जाळणारा अंश अडवणारी पुढची काच कधीचीच फुटलेली. नवरीच्या चेहऱ्यावर उजेड पाडायला पोऱ्यानं दिवा फिरवला, आणि तो उंबऱ्यावरून गेला. सुंदुसच्या छातीवरचा बिल्ला आधी पिवळा झाला, मग थेट लाल, आणि गुणगुणू लागला.

ढोलात ते कुणाला ऐकू आलं नसतं. तिजानीला ऐकू आलं. तो मध्ये धावला, पाय घसरला, गुडघ्यावर आपटला, आणि तसाच नातीपुढे हात पसरून राहिला. वहिदानं पोरीला पाठीमागे ओढलं. वरात थबकली.

"काय झालं? म्हातारा पडला का?" कुणीतरी म्हणालं.

"दिवा," तिजानीला एवढंच म्हणता आलं. "दिवा."

चित्रणवाला वैतागला. "बाजूला व्हा, आजोबा. नवरी आत जायचा क्षण पुन्हा मिळायचा नाही. या उजेडाशिवाय काही दिसणार नाही."

झुबेदा वरातीतून पुढे आली. तिच्या अंगावर चार वर्षांनी रंगीत कपडे होते. तिनं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा उंबऱ्यातल्या त्या लाल बिल्ल्याकडे.

"दिवा बंद कर," ती म्हणाली.

"अहो, लग्नाचं चित्रण..."

"माझ्या पोराचं लग्न आहे, मी आहे ना बघायला. बंद कर."

दिवा बंद झाला. क्षणभर सगळी गल्ली आंधळी झाली. मग शेजारच्या सालिहानं आपल्या दारातलाही बल्ब विझवला, कुणी सांगितलं नसताना. तिच्या पलीकडच्यांनीही विझवला. बल्बांनी काही होत नाही, हे देवडीतला काढून पाहिल्यावर तिजानीला कळलं होतं, पण त्यानं सांगितलं नाही. अंधारातच ढोल पुन्हा सुरू झाला, आणि नवरी चाचपडत, सासूचा हात धरून, हसत आत गेली.

बिल्ल्याचं गुणगुणणं थांबलं होतं. तिजानीनं वाकून पाहिलं. हिरवा. मग त्यानं पोरीच्या डोळ्याखालचा ठिपका पाहिला. तो होता तिथेच होता.

रियाधनं घसा खाकरला. "गाडी कोपऱ्यावर आहे. पिशवी आता ठेवू की सकाळी?"

वहिदा समोरच्या भिंतीकडे बघत होती. अंधारात ती लालही दिसत नव्हती, पांढरीही नाही.

"सोमवारी ट्युनिसच्या इस्पितळात जायला गाडी लागेल," ती म्हणाली. "तोवर राहा. मग तू एकटाच जा."

"आणि तुम्ही?"

"तुझ्या तिसऱ्या मजल्यावर दिवा विझवायला मी कुणाला सांगू, रियाध? शेजारच्याचं नाव तरी माहीत आहे का तुला?"

रियाधला माहीत नव्हतं. त्यानं सासऱ्याला हात देऊन उठवलं. तिजानीचा गुडघा सोलला होता. तो उंबऱ्यावर बसला, नातीला जवळ घेतलं आणि बिल्ल्यावरून नजर न काढता म्हणाला, "आता सांग. नवरी कशी दिसली?"

"अंधारात कशी दिसेल, आजोबा?" सुंदुस म्हणाली. "पण पैंजण मोठे आहेत तिचे. आणि डावा पाय जरा जोरात टाकते."